पेंटय्यानं पाजलेलं हळदीचं पाणी

आमच्या तुम्मलकुंट्यात त्या आठवड्यात एकच बातमी होती. पेंटय्यानं मॅडमची बुरशी हैदराबादच्या एका हॉटेलवाल्याला विकली आणि तो पळून गेला. ताडीच्या दुकानात तर हॉटेल कोणत्या चौकात आहे इथवर चर्चा गेली होती. कुणी म्हणे, मशरूम बिर्याणी म्हणून वाढतायत. कुणी म्हणे, खाणाऱ्याची जीभ पांढरी पडली आणि त्याला दवाखान्यात नेलं. माझ्या शिलाईच्या दुकानात लेंगा उसवून घ्यायला आलेल्या एका शहाण्यानं तर मला विचारलं, "तुला पण हिस्सा मिळाला म्हणे?"

बातमी साफ खोटी होती. एक तर ती बुरशी ताटात वाढण्यासारखी नव्हतीच. तिला ना छत्री, ना देठ. भाताच्या पेंढ्यावर दुधाची साय धरावी तशी ती पसरलेली असायची. आणि दुसरं म्हणजे पेंटय्याला आयुष्यात काहीही विकता आलेलं नाही. एकदा म्हातारी म्हैस बाजारात घेऊन गेला, तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच तिच्या सगळ्या खोडी सांगून बसला आणि संध्याकाळी तिला घेऊन परत आला. वाटेत तिला केळीही खायला घातली होती.

पळून गेला होता, एवढं मात्र खरं.

पेंटय्या माझा समोरचा शेजारी. रक्ताचं नातं काही नाही, पण आमच्याकडे थट्टा करायची तर मेव्हण्या-मेव्हण्यांचं नातं लावून घेतात. म्हणून तो मला 'बावा' म्हणतो, मी त्याला 'बामर्दी' म्हणतो, आणि या नात्याच्या आडून मी त्याला गेली कित्येक वर्षं छळतो आहे. थोरली बहीण तेवढी जगली, मधली भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं, टाकून दिल्यासारखं केलं, आणि मग शेजारणीनं उचलून परत आणून दिलं. पेंटय्या म्हणजे उकिरड्याचा. तुमच्याकडे दगडू, धोंडू ठेवतात ना, तसंच. मृत्यूनं बघून नाक मुरडावं म्हणून.

मृत्यूनं मुरडलं, पण ह्याला स्वतःलाच त्या नावाचं काहीतरी लागलं असावं. सगळ्या वाड्यावस्त्यांत इतका टापटीप माणूस मी पाहिला नाही. सायकल रोज पुसणार. धोतराला नीळ घालणार. माझ्या दुकानात बसायच्या आधी बाकडं फुंकणार. मी म्हणायचो, "बामर्दी, बाकड्याला आंघोळ घालू का?" तो म्हणायचा, "बाकड्याला नको बावा, तू घातलीस तरी पुरे."

असा हा माणूस अर्धं आयुष्य गावाबाहेरच्या औषधाच्या कारखान्यात घाण पाण्याच्या टाकीवर कामाला होता. मोठमोठी भांडी धुवायची, ते पाणी टाकीत साठवायचं, आणि साहेब सांगतील तेव्हा व्हॉल्व्हचं चाक फिरवून नाल्यात सोडायचं. नाला आमच्या तळ्यात. ज्या तळ्यातली मरळ खाऊन आम्ही वाढलो, त्याचं पाणी हळूहळू शिळ्या चहासारखं झालं, कडेला फेस धरू लागला. मासे गेले. मग म्हशी गाभडू लागल्या. मग गावात ताप यायचा तो गोळ्यांना दादच देईना.

आणि मग सायव्वेच्या, म्हणजे पेंटय्याच्या बायकोच्या, पायाला काटा लागला. कणसं काढताना लागतो तसा साधा काटा. जखम चिघळली ती बरी व्हायचं नाव घेईना. एक गोळी झाली, दुसरी झाली, सुया झाल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई वैतागून म्हणाल्या, "तुमच्या तळ्यातले जंतू रोज थोडंथोडं औषध पिऊन कोडगे झालेत. आता त्यांना आम्ही काहीही दिलं तरी ते हसतात."

हे ऐकून पेंटय्या घरी आला आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात गेलाच नाही. साहेबांनी माणूस पाठवला, तर हा आत लपून बसला. मला एवढंच म्हणाला, "ते चाक माझ्याच हातानं फिरलंय ना, बावा."

गावाला हे ठाऊक होतंच. बायका तळ्यावरून येताना तो दिसला की पदर आवरून घ्यायच्या. पोरं 'व्हॉल्व्ह पेंटय्या' म्हणायची. तो सणाला देवळात आला तरी मागच्या खांबाला टेकून उभा राहायचा, आणि प्रसाद वाटणारा तिथपर्यंत पोचेस्तोवर बऱ्याचदा प्रसाद संपलेला असायचा.

मग हैमवती मॅडम आल्या. विद्यापीठातल्या. उंच, किडकिडीत, बोलताना चष्मा कपाळावर चढवणाऱ्या. पोचम्माच्या देवळामागे, नाल्याच्या काठाला, त्यांनी कुंपण घालून निळे ड्रम मांडले. ड्रमांत बारीक कापलेला भाताचा पेंढा आणि वखारीतला लाकडाचा भुसा, आणि त्यात ती पांढरी बुरशी. आंब्याच्या कुजक्या ओंडक्यावर उगवते तीच. नाल्याचं पाणी पंपानं आधी टाकीत घ्यायचं आणि तिथून बारीक धारेनं ड्रममधून झिरपू द्यायचं. लाकूड मऊ करायला ती बुरशी जो रस सोडते, त्याच रसानं पाण्यातल्या औषधाचे तुकडे पडतात, असं मॅडम सांगायच्या. खालून निघणारं पाणी एका हौदात जायचं, आणि हौदात मासे सोडले होते. जिवंत. आमच्या गावात नाल्याच्या पाण्यातला जिवंत मासा! माणसं कामधंदे टाकून बघायला यायची.

राखायला माणूस हवा होता. नाल्याच्या पाण्याचा रंग बघून कारखान्यात आज काय शिजलंय ते सांगू शकणारा दुसरा कोण होता? पेंटय्या लागला.

त्यानं जे काही केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पेंढा कोरडा पडू नये म्हणून दिवसातून किती वेळा हात घालून बघायचा. ऊन वळलं की जाळीवर गोणपाट ओढायचा. कुठे हिरवा ठिपका दिसला तर चिमट्यानं उचलून लांब नेऊन पुरायचा. मी कुंपणाबाहेरून ओरडायचो, "बामर्दी, सायव्वेला एवढं कधी कुरवाळलं नाहीस!"

"सायव्वा वर्षभर हे पाणी पिऊन दाखवू दे, मग तिलाही कुरवाळतो."

हे सायव्वेनं ऐकलं आणि त्या दिवशी त्याला जेवायला भाकरीबरोबर नुसतं मीठ मिळालं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ड्रमजवळ हळद आणायची नाही, कडुनिंब आणायचा नाही, चुना नाही, फिनेल नाही. या सगळ्यांनी बुरशी मरते. पेंटय्यानं ते शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं. घरी येऊन सायव्वेला म्हणाला, वरणात हळद घालू नकोस, माझ्या बोटांना लागते.

"आज हळद नको म्हणतोस, उद्या कपाळाचं कुंकू नको म्हणशील!"

"कुंकू ड्रममध्ये पडत नाही."

"तुझी ती पांढरी सवत एकदा बघायलाच हवी मला," सायव्वा म्हणाली. आणि खरंच लंगडत लंगडत बघून आली. आल्यावर मात्र तिनं आपण होऊन हळदीशिवाय वरण केलं.

'सवत' गावानं उचललं नाही, पण 'अम्मा' उचललं. रोगराई पोटात घेते ती अम्मा. पोचम्मा तेच करते, देवी आल्यावर तिलाच आपण नवस बोलतो. मग देवळामागची ही पांढरी अम्मा तिची धाकटी बहीणच की. असं म्हणायला पहिल्यांदा कोणी सुरुवात केली? खुद्द पेंटय्यानं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ड्रम दाखवायचा आणि म्हणायचा, "ही आमची तेल्ल अम्मा. पांढरी आई." म्हणताना त्याची छाती जराशी पुढे यायची. मला ते दिसलं होतं. मी त्यावरही थट्टा केली होती.

आणि आला आषाढ. बोनालूचा रविवार.

आमच्याकडे त्या दिवशी घराघरांतून बाई डोक्यावर बोनम घेऊन निघते. नव्या मडक्याला हळद फासलेली, चुन्याचे ठिपके, कुंकू, वर कडुनिंबाचे डहाळे आणि पेटता दिवा. आत दूध-गुळाचा भात. पुढे डप्पू वाजत असतो, पोतराजू अंगभर हळद फासून चाबूक फडकावत नाचत असतो. देवळाशी आलं की प्रत्येक घरची बाई हळद आणि कडुनिंब घातलेलं तांब्याभर पाणी देवीसमोर ओतते. त्याला साका म्हणतात. रोगांनी तापलेल्या देवीला थंड करायचं.

त्या वर्षी मिरवणूक देवळाशी आली, साका झाला, आणि किष्टव्वा वळली. किष्टव्वा ही पेंटय्याची थोरली बहीण. तिच्या अंगात येतं, त्यामुळे आमच्या गावात तिच्यापुढे सरपंचही हळू बोलतो. ती सरळ देवळामागे गेली, कुंपणाच्या फाटकाशी उभी राहिली. मागे सगळ्या बायका. मागे डप्पू. पोतराजूनं फाटकासमोर चाबूक फडकावला.

पेंटय्या आत होता. नीळ घातलेलं नवं धोतर नेसून. आदल्या दिवशी त्यानं ड्रमांच्या ओट्याला चुना लावून घेतला होता. मॅडमना कशाला कळतंय, ओट्यालाच तर लावतोय, ड्रमला थोडाच. फाटकाला कडुनिंबाचं तोरणही बांधलं होतं. तेव्हाच मला खरं तर समजायला हवं होतं की माणूस घसरायला लागलाय.

"पेंटय्या, फाटक उघड."

"अक्का, मॅडमनी नको म्हटलंय."

"मॅडमला विचारून पोचम्मा येते का? ही तुझी अम्मा दसऱ्यापासून गावाचं विष पितेय. आतून तापली असेल. तिला थंड करायचं नाही? एकटी पोचम्माच थंड झाली तर धाकटी रुसेल."

"अक्का, हळद..."

"ह्याच हळदीनं तुला जगवलं," किष्टव्वा म्हणाली. "उकिरड्यावरून उचलून आणलं तेव्हा मीच तुझ्या अंगाला फासली होती."

डप्पू थांबला होता. सगळा गाव थांबला होता, आणि कुणासाठी? पेंटय्यासाठी. जो देवळात मागच्या खांबाला टेकायचा त्याच्यासाठी. पदर आवरून घेणाऱ्या बायका डोक्यावर दिवा घेऊन त्याच्या दारात उभ्या होत्या आणि तो 'या' म्हणेल म्हणून वाट बघत होत्या. मी त्याचा चेहरा पाहिला. लग्नात नवरदेवाचा असतो तसा झाला होता.

त्यानं फाटक उघडलं. नुसतं उघडलं नाही, पुढे होऊन स्वतःच्या हातानं एकेका ड्रमवरची जाळी उचलत गेला, आणि बायका एकामागून एक तांब्या रिकामा करत गेल्या. आमच्या घरचाही तांब्या त्यात होता. किष्टव्वेनं पेंढ्यात कडुनिंबाचे डहाळे खोवले. सांडलेल्या पाण्यानं ओला झालेला ओट्यावरचा चुना पायांनी उडत होता, ड्रममध्ये पडत होता, आणि पेंटय्या हात जोडून सगळ्यांना म्हणत होता, "सावकाश, सावकाश. अम्माचा आशीर्वाद सगळ्यांना मिळेल."

त्या दिवशी त्याच्या घरी बकरं शिजलं. मी पोटभर जेवलो.

मग हळूहळू ड्रम पिवळे पडायला लागले. साईसारखी पांढरी होती ती चिकट झाली, बसली, आणि तिच्या जागी हिरवी बुरशी चढायला लागली, ती भलतीच. आंबलेल्या भाताच्या पेजेसारखा वास सुटला. पेंटय्यानं डहाळे उपसले, साधं पाणी ओतलं, पंखा आणून लावला. हिरव्या ठिपक्यांना चिमटा पुरेना. एका सकाळी हौदातले मासे पोट वर करून तरंगताना दिसले. ते त्यानं गुपचूप पुरले. मला समोरून दिसत होतं, पण मी हाक मारली नाही. थट्टा करायची वेळ कोणती, एवढी अक्कल मला आहे.

मॅडम आल्या. ड्रममध्ये हात घातला, वास घेतला, चष्मा कपाळावर चढवला. त्या त्याला नेहमी 'गारू', म्हणजे 'राव', लावून हाक मारायच्या. "काय झालं, पेंटय्यागारू?"

खरं सांगायची वेळ तीच होती. तेव्हा सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती, चार शिव्या खाऊन. पण पेंटय्याच्या तोंडून निघालं ते असं: "कारखान्यानं त्या आठवड्यात फार कडक पाणी सोडलं, मॅडम. मी रंग बघितला ना. तेच सोसलं नाही तिला."

मॅडमनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? त्याचं पाण्याचं निदान कधी चुकलं नव्हतं. त्यांनी तसंच वर लिहून कळवलं. सरकारी साहेबांनी बैठक लावली, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. कारखान्याच्या मॅनेजरलाही बोलावलं. आणि तेव्हा कुठे पेंटय्याच्या डोक्यात उजेड पडला. बोनालूचा तो अख्खा आठवडा कारखाना बंद होता! बॉयलरची दुरुस्ती चालली होती. मिरवणुकीत डप्पूपुढे नाचणारे निम्मे कारखान्याचेच कामगार होते. त्याच्याच फाटकासमोर नाचले होते.

मॅडमचा फोन आला तेव्हा तो माझ्या दुकानातच बसला होता. आवाज मला ऐकू येत होता. "पेंटय्यागारू, बैठकीला नक्की या. तुमच्या शब्दावर मी सही केली आहे. ते लोक हा प्रयोग बंद करायलाच टपलेत. तुम्ही जे पाहिलंत ते सांगा, बस."

"येतो, मॅडम," तो म्हणाला. फोन ठेवला. बाकड्यावरची धूळ पुसली, आणि उठून गेला. त्यानंतर तो गावात दिसला नाही. मग ड्रममधली पांढरी बुरशी कुठे, माणूस कुठे, ह्याची जुळवाजुळव ताडीच्या दुकानानं केली आणि बिर्याणीची बातमी निघाली.

बैठकीच्या दिवशी सकाळी सायव्वा माझ्या दारात उभी. "अण्णा, स्कूटर काढा."

"कुठे जायचंय?"

"माझ्या भावाच्या मक्यात. तो दुसरीकडे कुठे जाणार? त्याला जगात एवढीच जागा ठाऊक आहे."

खरंच, मक्याच्या शेतात राखणीचा माळा होता त्यावर तो बसला होता. दाढी वाढलेली, धोतर मळलेलं. पेंटय्याचं मळलेलं धोतर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या तोंडातला विनोद तिथंच विरला.

"गावात तुला चोर म्हणतायत," सायव्वा खालून म्हणाली.

"म्हणू देत."

"मला चोराची बायको म्हणतायत."

तो धोतराचा मळका सोगा झटकायला लागला.

"मी सांगितलं त्यांना," सायव्वा म्हणाली, "माझा नवरा चोर नाही, गाढव आहे."

त्यावर मी हसलो. तो हसला नाही. खाली उतरला, मातीत बसला आणि माझ्याकडे बघून बोलायला लागला, कारण तिच्याकडे बघणं त्याला जमत नव्हतं.

"चोर बरा, बावा. चोर म्हटलं की माणसं शिव्या देऊन मोकळी होतात. खरं सांगितलं तर काय सांगू? मॅडमनी चार वस्तू सांगितल्या होत्या, लहान पोरानं लक्षात ठेवाव्या अशा. त्या चारातल्या तीन मी स्वतः आत आणल्या. चौथी घरात नव्हती म्हणून राहिली."

"किष्टव्वेनं जबरदस्ती केली. सगळ्यांनी बघितलंय."

"अक्कानं फाटक उघड म्हटलं. जाळ्या उचल असं कुठे म्हणाली?" तो म्हणाला. "कारखान्यात चाक फिरवलं ते साहेबानं सांगितलं म्हणून, असं मनाला समजावता तरी येत होतं. इथं कुणी सांगितलं होतं? मला बरं वाटलं, बावा. डप्पू माझ्या दारात वाजत आला होता. आयुष्यात पहिल्यांदा. तो तसाच माघारी जायला नको होता मला."

मक्याची पानं वाजत होती.  माझं तोंड इतका वेळ बंद राहिलेलं सायव्वेनंही कधी पाहिलं नसेल.

"आणि आता सांगितलं तर गावातल्या सगळ्या बायकांनी अम्माला मारलं असं होणार. अक्का पुन्हा देवळात कशी उभी राहील? माझ्या मिजाशीपायी सगळ्यांची तोंडं..."

"आमची तोंडं आम्ही धुऊ," सायव्वा म्हणाली. "तांबे आमचे होते, हात आमचे होते. आमची लाज तू नको वाहूस, तुला तुझीच जड झालीये. पण त्या पोरीनं तुझ्या शब्दावर सही केलीय. ती आज सगळ्यांसमोर खोटी पडणार, आणि तू इथं पाखरं हाकत बसणार?" मग आपला पट्टी बांधलेला पाय तिनं त्याच्यासमोर मातीत टेकवला. "मला चालवत नाही म्हणून अण्णाची स्कूटर घेऊन आलेय. परत चालत जायला लावू नकोस."

स्कूटरवर आम्ही तिघं कसे बसलो ते विचारू नका.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मॅनेजर वर्धनराव बोलत होते. गोड बोलणारा माणूस. आवाज कधी चढत नाही. "मॅडम, आमचे बॉयलर त्या आठवड्यात थंड होते. तुमच्या राखणदारानं कोणतं पाणी पाहिलं, ते देवीच जाणे. आणि तो आहे कुठे? ऐकतो की बिर्याणीच्या धंद्यात आहे." हॉल हसला. मॅडमचं अंग आक्रसलं होतं. चष्मा हातात होता आणि त्या तो पुसत होत्या, पुसतच होत्या. सरकारी साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

पेंटय्या दारातून आत गेला. खिडक्यांना बायकांची गर्दी होती, किष्टव्वा पुढे होती. तो मागच्या खांबाशी थांबेल असं मला वाटलं. थांबला नाही.

"मी खोटं बोललो, साहेब," तो म्हणाला. "मॅडम नाही, मी. कारखान्यानं काही सोडलं नव्हतं. हळद, कडुनिंब आणि चुना. बोनालूला मी ड्रमच्या जाळ्या उघडल्या आणि साका ओतू दिला. नको म्हणून सांगितलेलं असताना."

एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला.  खिडकीत किष्टव्वेनं पदर तोंडावर ओढला. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. माझी बायको पण होती त्यांत. घरी आल्यावर तिनं तो पितळी तांब्या माळ्यावर टाकून दिला.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत, पेंटय्यागारू?"

 त्यानं फक्त सरकारी साहेबांकडे वळून सांगितलं की देवळाच्या भिंतीच्या कोपऱ्यातला, गोणपाटाखालचा शेवटचा ड्रम जाऊन बघा. तिथं दोन माणसांना उभं राहायला जागा नाही, म्हणून बायका तिथवर पोचल्या नाहीत. पाणी त्यातूनही तेच झिरपतंय. तो अजून पांढरा आहे.

साहेब खरंच उठले आणि बघून आले. आल्यावर त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पुढचं सांगून टाकतो: प्रयोगाला पुन्हा मुदत मिळाली, त्या कोपऱ्यातल्या ड्रममधल्या बुरशीवरच नवे ड्रम लावले, आणि त्यांचा पेंढा कापायला किष्टव्वेसकट सगळी गल्ली बसली होती, कुणी कुणाशी फारसं न बोलता. पेंटय्याला मॅडमनी काढलं नाही. पण त्याच्याशी हसून बोलायला त्यांना बराच काळ लागला, आणि तो तेवढा काळ मान वर न करता काम करत राहिला. सायव्वेची जखम अजून आहे.

पण त्या दिवशी हॉलमधून सगळे उठत असताना वर्धनरावांना राहवलं नाही. हसत, अगदी प्रेमानं, पेंटय्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "म्हणजे तुझी अम्मा तुमच्याच हळदीनं मेली म्हण ना! इतकी नाजूक बुरशी आमचं पाणी काय सोसणार रे?"

पेंटय्यानं तो हात खांद्यावरून उचलला, खाली ठेवला, आणि म्हणाला, "साहेब, तुमचं पाणी तिनं दसऱ्यापासून आषाढापर्यंत सोसलं. सोसली नाही ती माझी मिजास, आणि तिची लाज माझी मी घरी नेतोय. तुमच्या पाण्याची लाजही इतकी वर्षं मीच वाहिली. ती आता तुमची तुम्ही घेऊन जा."